पाठीकडे चोच

अर्थ कळल्याशिवाय मी बिल्ल्याला सुई लावत नाही, हे झर्क्यात सगळ्यांना ठाऊक आहे. गाव आमचं फौजेचं. छावणीच्या फाटकापासून बाजाराच्या टोकापर्यंत दर चार दुकानांमागे एक गणवेशाचं दुकान, आणि त्यातली निम्मी माझ्यापेक्षा स्वस्त. तरी लोक माझ्याकडे येतात, कारण सोनेरी तारेचं काम हाताने करणाऱ्या आता मी आणि फद्वा अशा दोघीच उरलोय. आलेल्याला माझ्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. तलवारी दोनच का? कणसं गव्हाची की जवाची? एकदा तोफखान्याच्या एका कॅप्टनने विंचू आणला होता, नांगी खाली टाकलेला. मी विचारलं, "हा झोपलाय का?" तो म्हणाला, "नक्षी आहे खाला, काढा की!" मी नाही काढला. चार दिवसांनी गुमान नांगी वर करून घेऊन आला.

फद्वा गेली बावीस वर्षं भरतकामाच्या चौकटीच्या पलीकडे बसते आणि तितकीच वर्षं माझं डोकं खाते. "उम्म आसिम," ती म्हणते, "तुला शिवणकामात घालून तुझ्या सासऱ्याने चूक केली. तुला फौजेच्या चौकशी खात्यात बसवायला हवं होतं."

म्हणून त्या मार्चमध्ये मेजर सनद पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मला बरंच वाटलं. इथे प्रश्न घेऊन येणारा माणूस विरळा. पस्तिशीचा, नम्र, बोलण्याआधी चष्मा पुसणारा. त्यांनी एक जुना बिल्ला आणि एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. बिल्ला पाणीपुरवठा तुकडीचा होता. तुकडीला पन्नास वर्षं होत होती, त्यानिमित्त पुस्तिका निघणार होती आणि तिच्यात चिन्हाच्या प्रत्येक भागाचा अर्थ लिहायचा होता.

मी कागद वाचला. मध्ये कता पक्षी, कारण वाळवंटात कता उडेल त्या दिशेला पाणी असतंच. खाली तीन लाटा, म्हणजे तुकडीने खोदलेल्या पहिल्या तीन विहिरी. लाटांखाली चाक, ते टँकरचं. निळी कड आकाशाची. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'चोच पाठीकडे', आणि त्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

मी बिल्ला माझ्या डाव्या दंडावर धरून पाहिला. खरंच की. दंडावरच्या बिल्ल्यात जनावर असो की पाखरू, त्याचं तोंड छातीकडे असतं. माणूस पुढे चालला की तेही पुढे चालतं. पाठीकडे तोंड केलेलं जनावर म्हणजे पळ काढलेलं जनावर. आणि हा कता सरळ माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे बघत होता.

"हे बिल्ले तुमच्याच दुकानातले, खाला," मेजर म्हणाले. "चौतीस वर्षांपूर्वी हज्ज सुबहींनी दिले, अशी नोंद आहे. नंतरचे सगळे त्यांवरूनच उतरवले. कारण मात्र कुठेच लिहिलेलं नाही."

हज्ज सुबही म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. "तुमच्या जुन्या माणसांना विचारलंत?"

"विचारलं. आचारी म्हणतो, पक्षी भटारखान्याकडे बघतोय. इमामसाहेब म्हणतात, नम्रता. एका पारध्याने सांगितलं, नर कता पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो आणि ते पाणी मागे पिल्लांकडे नेतो, म्हणून मागे तोंड."

"हे चांगलं आहे की."

"चांगलं आहे, पण खरं आहे का?" मेजरांनी चष्मा पुसला. "गुरुवारी समिती बसेल. कारण सापडलं तर राहू देऊ, नाही सापडलं तर पक्ष्याचं तोंड पुढे करू. आमच्या तरुण पोरांना दुसऱ्या तुकड्या चिडवतात, तुमचं पाखरू भेदरट आहे म्हणून."

ते गेले आणि माझं कामावरचं लक्षच उडालं. प्रश्न माझ्याच दुकानातला आणि उत्तर मलाच येत नव्हतं, हे मला बोचत होतं.

दुसऱ्या दिवशी अबू मिशाल आला. मफ्रकच्या वाटेवरच्या गावातला, त्याच तुकडीचा जुना ड्रायव्हर, साठी ओलांडलेला, उन्हाने भाजलेला उंच माणूस. डोक्यावरचा लाल रुमाल इस्त्रीचा, पण जोड्यांना गावची धूळ. त्याने सलाम केला, बसला, मी ओतून दिलेली कडू कॉफी हातात घेतली आणि न पिता समोर जमिनीवर ठेवून दिली.

फद्वाची सुई थांबली. आमच्याकडे पाहुण्याने कप ठेवला की त्याला काहीतरी मागायचं असतं. 'पी, तुझं काम झालं' असं यजमान म्हणेपर्यंत तो पीत नाही. आणि न पिता पाहुणा उठला तर घराची अब्रू जाते.

"हे दुकान आहे बाबा, तंबू नाही," फद्वा म्हणाली. "इथे कप ठेवायचा तर आधी माप द्यावं लागतं."

तो हसला नाही. "बहिणी," तो मला म्हणाला, "समितीचं कानावर आलं. त्या पाखराची चोच फिरवू नकोस."

"ते माझ्या हातात नाही. मेजरांच्या आहे, समितीच्या आहे."

"शिवणार तूच ना?"

"आधी तुमचं त्यात काय अडलंय ते सांगा. कप काय पळून जात नाही."

मग त्याने सांगितलं. बिल्ले मिळाले त्याच वर्षी लढाई झाली, तिच्या तिसऱ्या दिवशी तो पाण्याचा टँकर चालवत होता. पाच टँकर, हुकूम पुढे जायचा. एका फाट्यावर त्याच्या मनात आलं की मागे टेकडीवरच्या चौकीत माणसं राहिली असतील. वायरलेस बंद. वरचे म्हणत होते, चौकी रिकामी झाली. त्याने गाडी वळवली. चौकीत अकरा जण होते, दोन दिवस पाण्यावाचून, जिभा सुजून तोंडाबाहेर आलेल्या. सगळे वाचले.

"मग बक्षीस मिळालं असेल," मी म्हटलं.

"चौकशी झाली. हुकूम पुढचा असताना मागे का वळलास? मी दंड पुढे केला. म्हटलं, साहेब, माझा हुकूम इथे शिवलाय. आपलं पाखरू मागे राहिलेल्यांकडे बघतं. तुम्हीच लावलंत ना हे आम्हाला? साहेब हसत सुटले. तुरुंग टळला, पण हुद्द्याची एक फीत गेली. आणि कागदात लिहिलं गेलं, 'आघाडीकडे पाठ फिरवली.' तेवढंच लिहिलं गेलं बघ."

"आणि तो कागद गावात पोचला."

"गावात काय पोचत नाही? माझा चुलतभाऊ मुतलक आजही बैठकीत चार पाहुण्यांसमोर म्हणतो, हा पाण्याची गाडी घेऊन घरी पळत होता, वाटेत अकरा माणसं आडवी आली. लोक हसतात. मग मी खिशातून बिल्ला काढतो. बघा म्हणतो, तुकडीचं पाखरूच मागे बघतं. की सगळ्यांची तोंडं बंद." त्याने खिशावर हात ठेवला. "आता उद्या पुस्तकात छापून येईल की पाखरू पुढे बघतं, मागे बघणारं पाखरू चूक होती. मग मी कोण राहिलो? पाठ दाखवणारा. माझी नातवंडं ते पुस्तक वाचतील."

कप तसाच होता. कॉफी गार व्हायला लागली होती. मला त्याची दया आली आणि रागही आला, कारण जे माझ्या हातात नाही ते कबूल करायला मला कुणी भाग पाडलेलं आवडत नाही.

"हे बघा अबू मिशाल," मी म्हटलं, "चोच राहील असा शब्द मी देणार नाही. मागे बघायचं कुणी ठरवलं आणि का, हे मी शोधून काढीन. आणि जे निघेल ते तुमच्यासमोर, मेजरांसमोर, जसंच्या तसं सांगेन. एवढ्यावर प्यायची असेल तर प्या."

त्याने कप उचलून एका घोटात संपवला. "मला भीती नाही," तो म्हणाला. "ठरवणाऱ्याने विचार करूनच ठरवलं असणार. असलं चिन्ह उगाच कुणी काढत नाही."

हेच तर मी आयुष्यभर म्हणत आले होते.

सासऱ्यांची एक शिस्त होती. त्यांनी नमुन्याचा कागद कधी फेकला नाही. माळ्यावर पत्र्याच्या सात पेट्या आहेत आणि त्यांत पन्नासेक वर्षांचे कागद. बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर मी आणि फद्वा त्या उतरवून बसलो. गरुड निघाले, किल्ले निघाले, एका बँडपथकाचा ढोल निघाला, आणि एक कासव निघालं, ते कुणाचं कोण जाणे. फद्वा म्हणाली, "माझ्या दिराच्या तुकडीचं असेल." पाचव्या पेटीत कता सापडला.

आमच्या कामाची रीत अशी. आधी पातळ कागदावर चित्र काढायचं. मग सगळ्या रेघांवर सुईने जवळजवळ भोकं पाडायची. तो कागद कापडावर ठेवायचा आणि वरून खडूच्या पुडीची पुरचुंडी चोळायची. भोकांतून पूड खाली उतरते आणि गडद कापडावर पांढऱ्या ठिपक्यांत चित्र उमटतं. त्यावर मग दोरा, आणि दोऱ्यावर तार. कागदाच्या ज्या बाजूने सुई आत गेली ती बाजू गुळगुळीत, जिकडे बाहेर पडली ती खरखरीत. कागद ठेवताना गुळगुळीत बाजू वर. हे आमच्यातलं पहिल्या दिवशी शिकायचं काम. चित्राच्या रेघा दोन्हीकडून दिसतात, त्यामुळे डोळ्याने कळत नाही, बोट फिरवावं लागतं.

मी कत्याच्या कागदावरून बोट फिरवलं. गुळगुळीत बाजू स्वच्छ होती. त्या बाजूने कत्याची चोच जिकडे हवी तिकडेच होती, छातीकडे. मी कागद उलटला. खरखरीत बाजूवर खडू गच्च बसलेला, भोकाभोकांत चौतीस वर्षांचा.

"पालथा ठेवला होता," फद्वा म्हणाली. "अगं बाई! कागद पालथा ठेवून शिवलंय सगळं! कुणी केला हा गाढवपणा?"

कोपऱ्यात सासऱ्यांच्या अक्षरात तारीख होती, नग एकशेवीस, आणि खाली, 'काम: नजिय्या.'

नजिय्या मीच. माझ्या मुलाच्या, आसिमच्या जन्माआधीची, एकोणीस वर्षांची, लग्नाला एकवीस दिवस झालेली. सासऱ्यांची पाठ धरली होती, ते अंथरुणावर होते. नवऱ्याला सुईची कुठली बाजू टोचते हे मरेपर्यंत कळलं नाही. फौजेचं काम परत जाऊ नये म्हणून मी म्हटलं, मी करते. काय तो माझा तोरा! शेवटचा बिल्ला घेऊन मी सासऱ्यांच्या उशाशी गेले, त्यांनी तो तळहातावर घेतला, टाका तपासला आणि म्हणाले, शाब्बास पोरी. तळहातावर कुठली छाती आणि कुठली पाठ? ते दंडावरच कळतं. पुढे हजारो बिल्ले हाताखालून गेले, त्यात हे काम मी विसरूनच गेले होते.

म्हणजे कुणीच काही ठरवलं नव्हतं. ना सेनापतीने, ना चित्रकाराने. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या विंचवांच्या नांग्या तपासत बसले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, तसं माझं मुसळ पेटीत बंद होतं.

मला इतकी लाज वाटली की मी फद्वाकडे बघेना. तिने उठून दार लोटून घेतलं.

"ऐक," ती हळू आवाजात म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. कागद चुलीत घाल. मेजरांना सांग, सासरे म्हणायचे, कता मागे पिल्लांकडे पाणी नेतो. अबू मिशालची अब्रू राहील, तुझी राहील, पाखराचीही राहील. नुकसान कुणाचं?"

"मी शब्द दिलाय."

"शब्द! तो माणूस मरेल ना ऐकून!"

तिचं म्हणणं खरं होतं. पण त्याने ती कॉफी माझ्या शब्दावर प्यायली होती आणि खोटं बोलून मला त्याच्या नजरेला नजर देता आली नसती. कागद मी चुलीजवळ नेलासुद्धा. दोनदा नेला. मग फडताळात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली.

गुरुवारी सकाळी दोघं एकाच वेळी आले. अबू मिशालने धुतलेला रुमाल बांधला होता आणि छातीवर दोन पदकं लावली होती. मेजरांनी त्याच्यासाठी दार धरून ठेवलं. दोघं बसले. फद्वाने चहा दिला आणि चौकटीवर मान घालून बसली. तिची सुई हलत नव्हती.

मी कागद समोर पसरला. बोट कसं फिरवायचं ते दाखवलं आणि दोघांनाही फिरवायला लावलं. मग सांगून टाकलं. "चूक माझी आहे. मी नवी नवरी होते, कागद पालथा ठेवला. पाखरू पुढेच बघणार होतं. मागे बघायचं कुणीही ठरवलं नव्हतं. अबू मिशाल, मला माफ करा."

मेजरांचं पेन वहीवर तसंच टेकलेलं राहिलं. अबू मिशालने पुन्हा एकदा खरखरीत बाजूवर बोट फिरवलं.

"कुणीच नाही?" त्याने विचारलं.

"कुणीच नाही."

"साहेबांनी सांगितलं असेल तुझ्या सासऱ्याला. गुपचूप."

"नाही हो. कागदावर चोच पुढेच आहे. बघा ना."

तो उभा राहिला. "चौतीस वर्षं," तो म्हणाला आणि त्याचा आवाज चढला, "चौतीस वर्षं मी भर बैठकीत हे दाखवतोय! माझा हुकूम म्हणून! आणि हे एका पोरीचं धांदरटपण?"

"हो," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचं धैर्य होत नव्हतं.

तो दारापर्यंत गेला. मला वाटलं, संपलं. या घरातून पाहुणा असा उठून चालला. पण दारातच तो थांबला.

"अबू मिशाल," मेजर म्हणाले. त्यांच्या आवाजात ना दया होती, ना अधिकार. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "पाखराने सांगितलं नव्हतं, तर मग तुम्ही वळलात का?"

अबू मिशाल वळून त्यांच्याकडे बघायला लागला, जणू हा प्रश्न त्याला आजवर कुणी केलाच नव्हता. आणि नव्हताच केला. चौकशीत त्याने दंड पुढे केला तेव्हा साहेब हसले आणि तिथेच विचारणं संपलं. गावात तो बिल्ला काढायचा, आणि तिथेही संपायचं.

तो परत येऊन बसला. सावकाश.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "वळताना मी बिल्ल्याकडे बघितलंच नव्हतं. धूळ इतकी होती की स्वतःचा हात दिसत नव्हता. बिल्ला मी बघितला तो चौकशीत. साहेब ओरडत होते आणि मला उत्तर सुचत नव्हतं, म्हणून मान खाली घातली, तर दंडावर ते दिसलं. म्हटलं, याच्यावर ढकलावं. मग इतक्यांदा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं."

"मग वळलात का?" मेजरांनी पुन्हा विचारलं.

अबू मिशालने मनगटाने कपाळ पुसलं. समोर साहेब नव्हते, मुतलक नव्हता, कुणी हसत नव्हतं, तरी त्याला ते म्हणायला वेळ लागला.

"माणसं मागे होती," तो म्हणाला, "आणि पाणी माझ्याकडे होतं."